बाटलीतली माती

सिद्धाराम मास्तर आजवर अंदमानला दोनदा गेले, एकदा खोटे आणि एकदा खरे. खोटे गेले ते साऱ्या गावाला ठाऊक झालं आणि खरे गेले ते चिटपाखरालाही कळलं नाही. गाव कोणतं ते विचारू नका. धारूरचा घाट उतरून तेलगावकडे निघालं की लागतं, एवढं पुरे. मास्तरांची नोकरी अजून बाकी आहे आणि आमच्याकडे चुगलखोरांची काही टंचाई नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टातले. घर लिंगायताचं, कपाळाला विभूती, बोलणं हळू आणि चालणं त्याहून हळू. माणूस वाईट नाही हो. पण सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा देश बघून यायला सरकार भाडं देतं, त्याला एलटीसी म्हणतात, आणि त्या एलटीसीनं भल्याभल्यांची नियत बिघडवली. मास्तरांना देश बघायची हौस नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरावरचं माळवद गळत होतं. औरंगाबादला एक एजंट होता, तो न केलेल्या प्रवासाची केल्यासारखी तिकिटं करून द्यायचा. त्यानं सांगितलं, लिहायचंच तर लांबचं लिहा, अंदमान लिहा, तिथवर चौकशीला कोण मरायला जातंय. झालं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मास्तर आणि त्यांच्या मंडळी रुद्राणीबाई सोलापूरला बाईंच्या बहिणीच्या घरी वीस दिवस दार लोटून बसले, परत आले, बिल मंजूर झालं आणि माळवद जाऊन पत्रे आले.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पण आमच्या गावात तोवर बोटीत पाय ठेवलेला माणूस नव्हता. जो तो विचारायला लागला, काय बघितलं, कसं होतं, समुद्र केवढा होता. हेडमास्तर उत्तरेश्वर सर तर घरीच आले. त्यांनी काळ्या पाण्याच्या तुरुंगाचं विचारलं. आता ते राष्ट्रीय स्मारक झालंय, तुम्ही तिथं डोकं टेकवून आला असाल, पोरांना चार शब्द सांगा, म्हणाले. जाता जाता उंबऱ्यात वळून विचारलं, तिथली माती आणली असेलच की. मास्तरांच्या तोंडून 'हो' निघून गेलं. का निघालं ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी परसात शेवग्याच्या बुडाशी चार बोटं उकरलं आणि तांबूस मुरमाड माती लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत भरली. बाटली शाळेच्या कपाटात गेली. पंधरा ऑगस्टला आणि सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाला तिला हार पडायला लागला. आणि मास्तरांच्या मागं भाषण लागलं.

एजंटानं दिलेली एक रंगीत घडीपत्रिका होती, तिच्यातलं चित्र आणि शाळेतल्या पुस्तकातला धडा यांच्यावर मास्तरांनी ते भाषण रचलं. चित्रात तुरुंगाच्या मागं निळाशार समुद्र होता. म्हणून मास्तर सांगायचे की प्रत्येक कोठडीला एक खिडकी आहे, त्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि त्या समुद्राकडे बघत कैदी मायदेशाची आठवण काढायचे. पहिल्या वर्षी हे सांगताना त्यांना स्वतःलाच ते खरं वाटलं होतं. पाचव्या वर्षापर्यंत कुठल्या वाक्याला बायका डोळ्याला पदर लावतात हे पाठ झालं. आजूबाजूच्या शाळाही बोलवायला लागल्या. मास्तर जायचे, सांगायचे, नारळ घेऊन परत यायचे आणि पत्र्याखाली आडवे पडायचे. रुद्राणीबाईंना म्हणायचे, अगं, खरंच गेलो असतो तर एवढा दमलो नसतो.

अठ्ठ्याण्णवच्या पंधरा ऑगस्टनंतर चार दिवसांनी जानकीबाई काठी टेकत पोस्टात आली. तेव्हा पोस्टात गर्दी उरलीच नव्हती. स्टँडवर एसटीडीचा पिवळा बोर्ड लागल्यापासून पत्र कोण लिहितंय? जानकीबाईचं वय ऐंशीच्या घरातलं. लेक-सून कारखान्याच्या भागात ऊस तोडायला जायची आणि म्हातारी घर राखायची. मास्तरांनी तिला आत बोलावून बाकावर बसवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बापाची गोष्ट काढली.

तिचं माहेर कड्याचं. बापाचं नाव म्हाळू. कड्याच्या पलीकडं थोडं गेलं की त्या काळी निजामाचं राज्य संपायचं आणि नगरकडचं इंग्रजांचं जंगल लागायचं. म्हाळूची गुरं हद्द ओलांडून गेली. जंगलखात्याच्या शिपायानं ती अडवली, हाणामारी झाली, कुऱ्हाडीचा घाव वर्मी बसला आणि शिपाई मेला. हद्दीवरच्या ओढ्याच्या अल्याड झालं असतं तर निजामाच्या तुरुंगात खितपत पडला असता, कधी तरी भेटला तरी असता. पल्याड झालं, म्हणून काळं पाणी. जानकी तेव्हा पाळण्यात होती.

पुढं ना पत्र, ना निरोप. म्हाळू जगला की मेला हे कुणीच कळवलं नाही. जानकीच्या आईनं कुंकू पुसलं नाही. लोक म्हणाले पूस, ती म्हणाली कागद दाखवा. मग सवाष्णी तिला ओटी भरायला बोलवेनात आणि रांडमुंड बायका आपल्यात बसवेनात. तशीच एकटी राबून ती म्हातारी झाली आणि कपाळावरचं कुंकू तसंच घेऊन मेली. ती होती तोवर म्हाळूच्या नावानं घास काढायची कुणाची छाती नव्हती आणि नंतर काढायला कुणी उरलंच नाही. आता जानकीबाईला सर्वपित्री अमावास्येला बापाला जेवू घालायचं होतं. विधी सांगणाऱ्या बामणानं सांगितलं होतं, माणूस गेला तिथली माती मिळाली तर बघ, तिचा पिंड करू. ती माती शाळेच्या कपाटात होती. म्हातारी मूठभर मागायला आली होती.

वर ती म्हणाली, "तुमी झेंड्याला सांगितलं न्हवं, खिडकीतून समिंदर दिसतो म्हनून. माझं काळीज लई हलकं झालं, मास्तर. माझ्या बाला समिंदर तरी दिसत व्हता."

त्याच वेळी मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी ते शाळेत गेले, मूठभर माती कागदात बांधून आणली आणि म्हातारीला दिली. तिनं ती कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधली आणि काठी टेकत निघून गेली. मास्तर काउंटरमागं बसून राहिले. त्यांना स्वतःची किळस आली. शाळेतल्या पोरांना थापा मारणं वेगळं, पण शेवग्याच्या बुडाची माती ऐंशी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाच्या पानात वाढायची, हे त्यांच्यानं सोसेना.

संध्याकाळी त्यांनी रुद्राणीबाईंना सांगितलं की मी अंदमानला जाऊन येतो. बाई आधी रडल्या. मग म्हणाल्या, जिथं जाऊन आलात तिथं परत कशाला चाललात असं लोक विचारतील, त्यांना मी काय सांगू? शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की मास्तर सोलापूरला मेव्हणीकडं गेले असं सांगायचं. बघा, म्हणजे सोलापूरला होते तेव्हा अंदमान सांगितलं आणि अंदमानला निघाले तेव्हा सोलापूर. बाईंनी दशम्या बांधून दिल्या.

मास्तर खरोखरच सोलापूरवरून गेले, तेवढं एक खोटं कमी झालं. तिथून रेल्वेनं मद्रास. मद्रासला बोट सुटायला पाच दिवस होते, ते धर्मशाळेत काढले. मग तीन दिवस बोट. भाद्रपदातला समुद्र, खालच्या मजल्यावरची लोखंडी फळी, तेलाचा वास. पोटात पाण्याचा घोट ठरेना. दशम्या माशांनी खाल्ल्या. भाषणात मास्तर सांगायचे की बोटीत कैद्यांना देशाची आठवण यायची. त्या तीन दिवसांत त्यांना देश आठवला नाही, फक्त जमीन आठवली. उतरले तेव्हा सगळी कागदपत्रं, तिकिटासकट, ओकारीत भिजून लगदा झाली होती.

तुरुंग बघून ते आधी खट्टूच झाले. बाहेरून नीट रंगवलेला, आत हिरवळ, फोटो काढणारी नवीन लग्न झालेली जोडपी, सहलीची पोरं. एक वाटाड्या माणसांचा घोळका घेऊन फिरत होता. मास्तर त्यात मिसळले. वाटाड्या बोलायला लागला आणि दोन वाक्यांत मास्तरांनी सूर ओळखला. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, कुठं बायका डोळे पुसणार, सगळं पाठ. तोही बिचारा दमलेला होता. फरक एवढाच की तो रोज तिथं येत होता.

भिंतीवर संगमरवरी पाट्या होत्या, प्रांतवार नावं होती. ती सगळी राजकीय कैद्यांची. मास्तरांनी विचारलं तेव्हा वाटाड्यानं सांगितलं की साधे कैदी, खुनी, दरोडेखोर, हजारो आले, नवा कैदी आला की त्याला आधी काही महिने इथंच कोठडीत ठेवायचे, पण त्यांची नावं इथं नाहीत. म्हाळूचं नाव तिथं नसणार हे मास्तरांना घरूनच माहीत होतं. तरी त्यांनी मुंबई प्रांताची यादी दोनदा वाचली.

मग ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि एका कोठडीत शिरले. आत कुणी नव्हतं. खिडकी होती. पण ती इतकी उंचावर की मास्तरांनी टाचा उचलून हात वर केला तरी दोन हात राहिली. गज लावलेला झरोका नुसता, त्यातून आभाळाचा एक तुकडा. समुद्राचा पत्ता नाही. दारात येऊन समोर बघितलं तर पुढच्या इमारतीची पाठ, सरळ भिंत. या इमारतीच्या माणसाला त्या इमारतीचं माणूस दिसू नये असं मुद्दाम बांधलेलं. चित्रातला समुद्र गच्चीवरून काढलेला होता. मास्तर खाली बसले. फरशी गार होती. पाच वर्षं आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक करून आठवायला लागलं.

खाली अंगणात एका जुन्या झाडापाशी म्हातारा माळी आळं करत होता. मास्तरांनी मोडक्या हिंदीत त्याला माती मागितली आणि कुणासाठी हवी तेही सांगितलं. इतक्या दिवसांत खरं बोलायची ती पहिलीच वेळ होती आणि तेही परक्या माणसापाशी. माळी म्हणाला, हिरवळीची घेऊ नका, ती परवाच ट्रकनं आलीय. झाडाच्या बुडाची जुनी आहे, ती घ्या. त्याचा पणजोबाही असाच खुनात आलेला, सुटल्यावर इथंच राहिलेला. हे त्यानं आपण गावाचं नाव सांगावं तसं सहज सांगितलं. मास्तरांनी रुमालात मूठभर माती बांधली. तेव्हा माळ्यानं विचारलं की तुम्ही काय आणलंत? मास्तरांना कळेना. माळी म्हणाला, कुणीकुणी आपल्या गावची माती आणतात आणि या झाडाखाली टाकतात. इथली तर त्यांना जन्मभर पुरली, घरची कुठं मिळाली. मास्तरांनी रुमालाची गाठ आणखी एकदा आवळली.

गावी पोचले ते मुक्तिदिनाच्या संध्याकाळी. बाटलीला हार पडून गेला होता. भाषणाला मास्तर नाहीत म्हणून उत्तरेश्वर सर नाराज होते. मास्तरांनी तोंड धुतलं आणि तडक जानकीबाईचं घर गाठलं. म्हातारी दारात सुपात उडीद निवडत होती. मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, गाठीतली माती टाकून द्या. ती माझ्या परसातली हाय. मी अंदमानला गेलतोच न्हाई."

आणि मग एलटीसी, एजंट, सोलापूर, लोणच्याची बाटली, सगळं सांगून टाकलं. म्हातारीचा हात सुपात फिरतच होता. सांगून झालं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं, पदराची गाठ सोडली आणि कागदातली माती अंगणात भिरकावली. दाणे असतील म्हणून कोंबड्या धावल्या.

"पोटच्या पोरावानी इस्वास टाकला व्हता तुमच्यावर," ती म्हणाली.

मास्तरांनी रुमाल पुढं केला. ही खरी आहे, आता जाऊन आणली, म्हणाले. म्हातारीनं हात लावला नाही.

"आन् ही तरी खरी कशावरून?"

आता काय दाखवणार? खोट्या प्रवासाची सगळी तिकिटं सही-शिक्क्यानिशी सरकारदरबारी जमा होती आणि खऱ्या प्रवासाचा एक चिटोरा हातात नव्हता; येतानाची तिकिटंही उतरताना दारावर काढून घेतली होती. मास्तर अंगणात खाली बसले. रुमाल मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मावशी, खिडकीतून समिंदर दिसत न्हाई."

म्हातारीनं मान वर केली.

मास्तरांनी सगळं सांगितलं. झरोका किती उंच, हात कसा पुरत नाही, दारातून समोर नुसती भिंत कशी. पाटीवर म्हाळूचं नाव नाही, साध्या कैद्यांची नावंच नाहीत. कोठडीत असताना त्याला समुद्रही दिसला नसेल आणि माणसाचं तोंडही दिसलं नसेल. एक शब्द गोड करून सांगितला नाही. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसत नव्हती. शेवटी तिनं हात पुढं करून रुमाल घेतला.

"आता गेलताव तुमी," ती म्हणाली.

मग तिनं आणखी काय काय विचारलं, आणि मास्तरांनी माळ्याचं सांगितलं. तुमी काय आनलं असं त्यानं विचारल्यावर तुमी काय म्हनलाव, असं तिनं दोनदा विचारलं. काहीच नाही म्हणालो, असं मास्तरांनी दोनदा सांगितलं.

सर्वपित्रीला म्हाळूचा पिंड झाला, नदीच्या काठाला. कावळा लगेच शिवला असं काही झालं नाही. दुपार टळेपर्यंत सगळे ताटकळले, तेव्हा कुठं शिवला. मास्तरांच्या घरी पिंडाची रीत नाही, तरी ते लांब दगडावर बसून होते. शाळेतल्या बाटलीचंही त्यांनी उत्तरेश्वर सरांना खरं सांगून टाकलं. सरांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, आता कुणाला बोलू नका, पोरं श्रद्धेनं हार घालतात. बाटली अजून कपाटात आहे. भाषण मात्र बंद झालं.

दसऱ्याच्या आत एका सकाळी जानकीबाई परत पोस्टात आली. कपडे एसटीच्या धुळीनं माखलेले. एवढ्या वयात एकटी कड्याला जाऊन आली होती. तिनं काउंटरवर एक पुडकं ठेवलं. मांजरपाटात चारी बाजूंनी शिवलेलं, पार्सल शिवतात तसं, टाके मात्र वेडेवाकडे.

"माझ्या आयला जाळली तितली माती हाय," ती म्हणाली. "त्या झाडाखाली टाकायची."

मास्तर हळूच म्हणाले की माती पोस्टानं जाणार नाही, आणि गेली तरी झाडाखाली कोण टाकणार.

"पोस्टानं न्हाई. तुमच्या हातानं. मी पाळन्यात व्हते तवापस्नं माझी आय कागदाची वाट बघत व्हती, कुनी आनून दिला न्हाई. तुमी पोस्टातले न्हवं? मग येवढं पोचवा."

मास्तरांच्या डोळ्यांपुढं ती लोखंडी फळी आली, तेलाचा वास आला. त्यांना नाही म्हणायचं होतं. म्हातारी काठी घेऊन उठली, पायरीपाशी थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "घाई न्हाई. पर मी हाय तवर."

ती गेल्यावर मास्तरांनी सवयीनं पुडकं काट्यावर ठेवलं, वजन बघितलं आणि परत उचललं. मग खणातून रजेचा फॉर्म काढला. जाण्याचं ठिकाण या रकान्यात त्यांनी पाच वर्षांपूर्वीसारखंच 'अंदमान' लिहिलं. आणि त्याच्या खाली, फॉर्मात कुणी विचारलं नव्हतं तरी, 'स्वखर्चाने' असं लिहून सही केली.